डिझेल गाडी चालवण्यात पेट्रोलची मजा येते का?

अर्धा_क्लच

नमस्कार मंडळी. मायलेज, मेंटेनन्स, रीसेल यांवर ढीगभर धागे झालेत, म्हणून ते तिन्ही विषय आधीच बाजूला ठेवतो. माझा प्रश्न फक्त मजेचा आहे.

गेली अकरा वर्षं साधी, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेली पेट्रोल गाडी चालवतोय. पिकअप म्हणाल तर यथातथा, पण चार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे तिला कंठ फुटतो. आता ती बदलायची आहे. मागच्या आठवड्यात मेव्हण्याची दोन लिटरची डिझेल दोन दिवस माझ्याकडे होती. पहिल्याच चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. आपसूक हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं, की मी ती गाडी एकदाही पिळली नव्हती. गरजच पडली नाही. नंतर माझ्या म्हातारीत बसलो, दुसऱ्या गिअरला साडेपाच हजारांपर्यंत ओढली. काट्याकडे पाहिलं तर वेग मेव्हण्याच्या गाडीच्या पासंगालाही पुरत नव्हता, आणि तरी हसू जास्त आलं.

ही नुसती सवय आहे की खरंच काही फरक आहे? दोन्ही गाड्या भरपूर चालवलेल्यांनी लिहा. ऐकीव नको.

काजळी

घ्या, आला वार्षिक धागा. खुर्ची ओढून बसलो.

अर्धा क्लच, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. पाठ सीटला चिकटली ना? मग आणखी काय पाहिजे? पेट्रोलवाले पाच हजार आरपीएमवर जे शोधत फिरतात ते आम्हाला १८०० ला मिळतं. गिअर न बदलता ट्रक मागे टाकायचा आणि गाणं ऐकत पुढे जायचं.

आणि डिझेल म्हणजे टेम्पोचं इंजिन असं ज्यांना अजून वाटतं त्यांच्यासाठी: २००६ साली ऑडीच्या आर१० टीडीआयने फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ५.५ लिटरचं व्ही१२ डिझेल, ६५० च्या वर हॉर्सपॉवर, ११०० च्या वर न्यूटन मीटर टॉर्क. तिथे डिझेल गाडी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. २००७ आणि २००८ लाही तीच. २००९ ला प्यूजो ९०८, तीही डिझेल. पुढे २०१४ पर्यंत पुन्हा ऑडीच, सगळ्या डिझेल (शेवटची काही वर्षं सोबत हायब्रिड मोटर). सलग नऊ वर्षं. आता बोला.

ठिणगी

बोलते की.

काजळीभाऊ, शर्यत जिंकणं आणि चालवायला मजा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर१० बद्दल सगळ्यांच्या लक्षात काय राहिलं? ती किती शांत होती ते. ले मान्ससारख्या ठिकाणी लोक कानात बोळे घालून उभे असतात, आणि तिथे ही गाडी नुसती सूं करून निघून जायची. जिंकली, मान्य. अंगावर काटा आला का? माझ्या तरी नाही.

शिवाय त्या नियमांत टर्बो-पेट्रोलला ४ लिटरची मर्यादा होती आणि डिझेलला ५.५ लिटरची. डिझेलची दादागिरी दिसल्यावर ही सवलत हळूहळू कमी करत नेली. हेही लिहायचं होतं.

मी दोन्ही चालवलंय. पाच वर्षं डिझेल सेडान, त्याआधी आणि आता पेट्रोल. शेतातल्या मोकळ्या मातीवर भरणाऱ्या हौशी शर्यतींत भागही घेतलाय (नंबर विचारू नका). अर्धा क्लच, तुला जे वाटलं ती नुसती सवय नाही. पेट्रोलमध्ये तू काहीतरी *करतोस*. गिअर टिकवून धरतोस, काटा चढताना ऐकतोस, कुठे सोडायचं ते ठरवतोस. इंजिनही हळूहळू तापत जाणाऱ्या गायकासारखं वर वर जातं. डिझेलमध्ये समेवरच सुरुवात होते आणि तान घ्यायच्या आत गाणं संपतं.

काजळी

ताई, उपमा झकास आहे, पण ओव्हरटेक करताना समोरून बस येत असेल तर मला समेवरच सुरुवात झालेली बरी.

ठिणगी

ती सोय झाली. धागा मजेवर आहे.

वळणवाट

दोघांचंही वाचतोय, मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न: डिझेल इंजिन ६०००-७००० आरपीएमला का जात नाही? कंपन्या मुद्दाम अडवतात का? आमच्या गाडीचा लाल पट्टा (ज्याच्या पुढे इंजिन फिरवायचं नाही) ४५०० लाच सुरू होतो.

पुली_पट्टा

वळणवाट, प्रश्न बाळबोध नाही, सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे. इंजिनांत उभा जन्म गेला म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली उडी मारा.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळून ठेवलेलं असतं. ठिणगी पडली (ताई नव्हे, स्पार्क प्लगची) की ज्योत त्या मिश्रणातून पसरत जाते. गंमत अशी, की इंजिन जितकं वेगात फिरेल तितकी सिलिंडरमधली हवा घुसळली जाते आणि ज्योतही तितकी भरभर पसरते. म्हणजे वेग वाढला तरी जाळ मागे पडत नाही.

डिझेलचं तंत्र उलटं. आधी नुसती हवा दाबायची. साधारण १५-१६ पट, जुन्या इंजिनांत २०-२२ पटही. ती इतकी तापते, की इंजेक्टरने डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. पण फवारा शेवटच्या क्षणी येतो. त्याचे थेंब फुटायचे, वाफ व्हायची, हवेत मिसळायचं आणि मग जळायचं, एवढी कामं त्यानंतर व्हायची असतात. ४५०० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा १३ मिलिसेकंदांत होतो आणि पिस्टन खाली ढकलायला त्यातला अर्धाच वेळ हाताशी असतो. ९००० ला त्याच्याही निम्मा. तेवढ्यात डिझेल नीट जळत नाही, धूर होतो.

दुसरं कारण वजनाचं. डिझेलच्या सिलिंडरमध्ये दाब प्रचंड, म्हणून पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळं दणकट लागतं. स्ट्रोकही बहुधा लांब असतो. जड पिस्टन लांब अंतरावर वरखाली नाचवायचा तर वेगाला मर्यादा येणारच. कोणी अडवत नाही, निसर्गच आडवा येतो.

माझदाने २०१२ च्या सुमारास यावर वेगळी वाट काढली होती. स्कायॲक्टिव्ह-डी इंजिनाचं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबायची ते) मुद्दाम १४ वर आणलं. दाब कमी म्हणून भाग हलके, भाग हलके म्हणून इंजिन ५२०० पर्यंत फिरायचं. डिझेलच्या मानाने कौतुकाची गोष्ट.

वळणवाट

काका, दंडवत. आता एकदाचं कळलं. मग टॉर्क मोठा की पॉवर मोठी?

पुली_पट्टा

आता हिशेबाची वही काढावी लागणार.

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. पॉवर म्हणजे तोच जोर दर मिनिटाला किती वेळा लावला त्याचा हिशेब. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९, की किलोवॉट मिळतात.

दोन टोकाच्या गाड्या घेऊ. बीएमडब्ल्यूची २०१२ ची एम५५०डी: तीन लिटर, सहा सिलिंडर, तीन टर्बो, ७४० न्यूटन मीटर. होंडाची एस२०००: दोन लिटर, टर्बो नाही, २०८ न्यूटन मीटर. टॉर्क साडेतीन पट! पण बीएमडब्ल्यू तिचे ७४० देते २००० आरपीएमला, म्हणजे १५५ किलोवॉट. होंडा तिचे २०८ देते ७५०० ला, म्हणजे १६३ किलोवॉट. त्या त्या क्षणी दोन्ही इंजिनं जवळपास सारखंच काम करताहेत. एक पैलवान दर ढांगेला पोतं उचलतोय आणि एक पोरगा पायली-पायली नेत धावतोय. संध्याकाळी धान्य तेवढंच.

आणि गिअरबॉक्स विसरू नका. जास्त फिरणाऱ्या इंजिनाला गिअर छोटे देता येतात, मग चाकापाशी टॉर्क तितक्या पटीने वाढून मिळतो. ब्रोशरमधला टॉर्क क्रँकवरचा असतो, रस्ता चाकाखाली असतो.

आपल्यापैकी बहुतेक जण तुलना चुकीची करतात. पेट्रोल गाडी चौथ्या गिअरला १८०० वर असताना दाबतात, ती रडते, आणि निकाल देतात की पेट्रोलमध्ये दम नाही. अहो, दोन गिअर खाली या! कामाचं इंजिन ते झोपेत असताना तपासताय.

काजळी

काका, हिशेब मान्य. पण ती एम५५०डी शून्य ते शंभर ४.७ सेकंदांत जाते आणि एस२००० ला सहाच्या वर लागतात, हे वहीत कुठे लिहिलंत?

पुली_पट्टा

लिहिलं नाही कारण तो त्या दोन क्षणांचा हिशेब होता. बीएमडब्ल्यू पुढे ४००० ला २८० किलोवॉटपर्यंत जाते, होंडा १७७ च्या आसपास थांबते. गाडी पळते ती या आकड्यांवर. म्हणजे तुमची गाडी जिंकते ती पॉवरवर, ज्या टॉर्कचे तुम्ही गोडवे गाता त्यावर नाही. :-)

काजळी

घरच्या मैदानावर आउट झालो.

गिअरबदलू

काकांच्या हिशेबाला पुरावा पाहिजे तर एकाच घरातली दोन भावंडं बघा. फोक्सवॅगन गोल्फची सातवी पिढी. पेट्रोल जीटीआय: २२० हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन मीटर. डिझेल जीटीडी: १८४ हॉर्सपॉवर, ३८० न्यूटन मीटर. टॉर्क डिझेलचा जास्त. शून्य ते शंभर? जीटीआय ६.५ सेकंद, जीटीडी ७.५. सस्पेन्शन, सीट, स्टिअरिंग यांत फारसा फरक नाही, म्हणजे फक्त इंजिनाचा फरक बघायला याहून सोपा प्रयोग मिळायचा नाही.

दोन्ही चालवल्यात, म्हणून ऐकीव नाही. जीटीडीचा जोर १७५० ते ३२५० एवढ्याच पट्ट्यात. पहिला गिअर टाकला म्हणेपर्यंत संपतो. वळणांच्या रस्त्यावर दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत बसावं लागतं, नाहीतर एक गिअर वर ठेवून लाटेवर बसल्यासारखं जायचं. तसं जायचं ठरवलं की गाडी सुरेख जाते. जीटीआयमध्ये मात्र दुसरा गिअर टाकून अर्धा डोंगर चढता येतो.

आणि गंमत म्हणजे जीटीआयचाही टॉर्क १५०० पासूनच मिळतो. म्हणजे डिझेलची जी एकमेव मक्तेदारी होती ती टर्बो-पेट्रोलने कधीच पळवली.

ठिणगी

गिअरबदलू, या शेवटच्या वाक्यासाठी तुला शंभर प्लस वन. भांडण पेट्रोल-डिझेलचं आहे असं आपण म्हणतो, पण ते खरं टर्बोचं आहे. आजची बरीच टर्बो-पेट्रोल इंजिनं चालवायला डिझेलच्या चुलतभावासारखी लागतात. खालून दणका, मध्ये सपाट पठार, आणि साडेपाच हजारांनंतर श्वास संपला. अर्धा क्लचला जुन्या गाडीत हसू येतं ते पेट्रोलमुळे नाही, टर्बो नाही म्हणून. पायाखालचा मिलिमीटर आणि इंजिनाचं उत्तर यांच्यात कोणी मध्यस्थ नाही.

मध्यस्थ म्हणजे काय ते सांगते. माझ्या डिझेल सेडानमध्ये वळणातून बाहेर पडताना १६०० वर सापडले, तर पाय दाबायचा, मनात 'एक' म्हणायचं, आणि मग सगळं एकदम यायचं. तोवर स्टिअरिंग अर्धवट वळलेलं असायचं. पुढची चाकं ओढणारी गाडी, नाकावर जड इंजिन, त्यात एवढा टॉर्क अचानक. नाक सरळ बाहेरच्या कडेला. पहिल्यांदा झालं तेव्हा शेजारी सासूबाई होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन महिने रिक्षाने गेल्या.

मागच्या_सीटवरून

सासूबाईंना माझं अनुमोदन.

मी गाडी चालवत नाही. पण या सगळ्या मजेची फळं मागे बसून मीच भोगतो, म्हणून माझीही नोंद घ्या. पेट्रोलवाला चालक मजा करत असेल तर आवाजावरून आधी कळतं, हँडल धरायला वेळ मिळतो. डिझेलवाला काही न सांगता मजा करतो. मान मागे, मान पुढे, परत मागे. टर्बो जागा झाला, गिअर बदलला, टर्बो झोपला, परत जागा झाला. तासाभरात माझा चेहरा हिरवट होतो.

पुली_पट्टा

मागच्या_सीटवरून, तुमची मान म्हणजे उत्तम मोजमापाचं यंत्र आहे. शरीराला वेग कळत नाही, त्वरण कळतं. त्याहूनही जास्त कळतो तो त्वरणातला *बदल*. डिझेलमध्ये जोर शून्यावरून शंभरावर पटकन येतो, म्हणून धक्का मोठा वाटतो. चांगल्या टर्बो नसलेल्या पेट्रोलमध्ये तोच जोर काट्याबरोबर सावकाश वाढत जातो. घड्याळ लावलं तर अनेकदा उलट निकाल लागतो. काजळींची पाठ सीटला चिकटते ती खरीच, फक्त ती स्पीडोमीटर नाही.

बॅटरीबुवा

इलेक्ट्रिक घ्या. शून्य आरपीएमला पूर्ण टॉर्क. विषय संपला.

ठिणगी

बुवा, दुसऱ्याच्या लग्नात आपली पत्रिका वाटू नका.

धागारक्षक

इलेक्ट्रिकसाठी वेगळा धागा आहे. इथले त्या विषयावरचे सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. काजळी, तुमचाही एक गेलाय, त्यातले शब्द पुन्हा वापरू नका.

काजळी

गेला तर गेला.

बरं, आता जरा गंभीरपणे. मी डिझेलचा भक्त का आहे ते सांगतो, कारण वर सगळे मला पाठ चिकटवणारा समजून बसलेत.

वडिलांचा ट्रक होता. शाळेत असताना सुट्टीत शेजारी बसून जायचो. ते चढावर आवाज ऐकून गिअर टाकायचे, टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) बंदच होता. म्हणायचे, इंजिन गुरगुरलं पाहिजे, भुंकायला नको, आणि कण्हायला तर नकोच. आजही मी डिझेल तशीच चालवतो. २००० च्या खाली पडू द्यायची नाही, ३५०० च्या वर न्यायची नाही, आणि समोरचा रस्ता वाचून आधीच योग्य गिअरमध्ये बसायचं. वळण संपायच्या आधी अर्धा सेकंद पाय टेकवायचा, म्हणजे टर्बो भरलेला मिळतो. ताई ज्या 'एक' म्हणण्याबद्दल लिहितात तो 'एक' मी वळणाच्या आत म्हणतो. हे जमलं की जे समाधान मिळतं ते मजाच नाही का? त्यातही मी काहीतरी *करतोच* आहे.

आणि इतिहासही लहान नाही. १९३१ साली कमिन्सची डिझेल गाडी इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता धावली. १९५२ ला त्यांचीच गाडी तिथे सर्वांत पुढच्या जागेवरून सुटली. १९९८ ला बीएमडब्ल्यू ३२०डीने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत मारली. २००८ आणि २००९ ला वर्ल्ड टूरिंग कारचं विजेतेपद सेआत लिऑन टीडीआयकडे. आणि २००६ ला जेसीबी डिझेलमॅक्स अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ५६३ किलोमीटरने गेली. जेसीबीच्याच यंत्रांतली इंजिनं वाढवून, दोन बसवून. खड्डे खणणारं इंजिन, बरं का!

गिअरबदलू

काजळीभाऊ, वडिलांबद्दलचं वाचून बरं वाटलं. 'गुरगुरलं पाहिजे, भुंकायला नको' हे मी आजपासून वापरणार.

फक्त १९५२ चा शेवट राहिला. ती गाडी ७१ व्या फेरीला बाद झाली. टर्बोच्या हवेचं तोंड खूप खाली होतं, ट्रॅकवरच्या टायरच्या रबराचा कचरा आत ओढून चोंदलं.

काजळी

शेवट मुद्दाम गाळला होता. शोधून काढलाच.

वळणवाट

चोंदण्यावरून आठवलं. मजेच्या धाग्यात तक्रार आणतोय, पण संबंध आहे. आमच्या डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर आहे, डीपीएफ. माझं रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटर. तेवढ्यात तो तापत नाही, काजळी जळत नाही, साचत जाते. एके दिवशी गाडी लंगडी झाली, साठच्या वर जाईना. गॅरेजवाल्याने सांगितलं, हायवेवर जा, एक गिअर खाली ठेव आणि वीस मिनिटं ओढ. म्हणजे मला डॉक्टरने मजा करण्याची चिठ्ठी लिहून दिली! तो एक दिवस गाडी खरंच मस्त चालली. एरवी वर्षभर मी तिच्यात मजा करूच शकत नाही, कारण तिला तापायलाच माझा सगळा प्रवास लागतो.

पुली_पट्टा

हा मुद्दा वरच्या कोणत्याही शर्यतीपेक्षा महत्त्वाचा आहे. डिझेलची उष्णता पेट्रोलपेक्षा कमी वाया जाते, त्यामुळे इंजिनही हळू तापतं. रोज चार किलोमीटरवाल्याने डिझेलच्या मजेचा विचार सोडावा.

ठिणगी

एका गोष्टीवर अजून कोणीच लिहिलं नाही: पाय *उचलल्यावर* काय होतं. सगळे दाबण्यावरच बोलताहेत.

पेट्रोलमध्ये पाय उचलला की थ्रॉटलची झडप बंद होते, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि गाडी धरली जाते. वळणात शिरताना एवढ्याशा पाय उचलण्याने नाक आत येतं. डिझेलमध्ये मुळात वेग झडपेने नाही, इंधनाच्या मापाने ठरतो. हवा मोकळीच वाहते, म्हणून पाय उचलला तरी धरल्यासारखं वाटत नाही. (आताच्या डिझेलमध्येही झडप असते, पण ती धुराच्या व्यवस्थेसाठी. बरोबर ना काका?) ट्रकला उतारावर वेगळा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) लागतो तो त्यामुळेच, काजळीभाऊ सांगतील.

माझ्यासाठी मजा निम्मी या उचलण्यात आहे. गाडीशी बोलणं दोन्हीकडून व्हायला हवं. डिझेलला मी 'चल' म्हणू शकते, 'थांब जरा' म्हणायला ब्रेकच मारावा लागतो.

पुली_पट्टा

झडपेचं बरोबर. वर एक जोडतो: डिझेलचं फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं चाक) जड असतं, धक्के गिळण्यासाठी. त्यामुळे पाय उचलल्यावर काटाही सावकाश उतरतो. पटपट गिअर टाकणाऱ्याला ते चिखलात चालल्यासारखं वाटतं. म्हणूनच डिझेलला चांगला ऑटोमॅटिक शोभतो. ती एम५५०डी आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येच विकली, मॅन्युअल दिलाच नाही.

काजळी

एक्झॉस्ट ब्रेकचं बरोबर आहे. उतारावर वडील पायाचा ब्रेक जपून ठेवायचे. ताई, या एका मुद्द्यावर मी गप्प.

आवाजावर मात्र गप्प नाही. मोठ्या सहा सिलिंडरच्या डिझेलचा खर्ज तुम्ही ऐकला नाहीये.

गिअरबदलू

ऐकलाय, छान असतो. फक्त तो कधी इंजिनाचा असतो आणि कधी स्पीकरचा. ऑडीची २०१२ ची एसक्यू५ टीडीआय, त्यांच्या 'एस' घराण्यातली पहिली डिझेल, ३१३ हॉर्सपॉवर, ६५० न्यूटन मीटर. गाडी जबरदस्त. पण सायलेन्सरपाशी आवाज काढायला यंत्र बसवलेलं! हार्मोनियमवाला मागे बसवून गवई पुढे नुसता ओठ हलवतोय.

(काही पेट्रोल गाड्याही आत स्पीकरवर खोटा आवाज वाजवतात, हे काजळीभाऊंनी म्हणायच्या आत मीच म्हणतो.)

मागच्या_सीटवरून

एसक्यू५ मध्ये मागे बसलोय. मान शाबूत राहिली. धाग्यातली पहिली डिझेल जिला मी पास करतो.

अर्धा_क्लच

मंडळी, एवढं वाचून गप्प बसवेना. शनिवार-रविवार तीन गाड्या चालवून आलो. तिन्ही एकाच डोंगराच्या रस्त्यावर, तीच वळणं, शेजारी बायको, तिच्या हातात वही. (काका, तुमचा परिणाम.)

पहिली: छोटी टर्बो-पेट्रोल. सगळ्यात जास्त अपेक्षा हिच्याकडून होती. ठिणगीताई म्हणाल्या तेच. १७०० ला दणका, पाच हजारांनंतर नुसता आवाज. पाय उचलल्यावर मात्र माझ्या जुनीसारखी धरते. बायकोची नोंद: "ठीक."

दुसरी: दोन लिटर डिझेल, मॅन्युअल. पहिली फेरी मी नेहमीसारखी चालवली आणि प्रत्येक वळणाला चुकीच्या गिअरमध्ये सापडलो. वैतागलो. दुसरी फेरी काजळीभाऊंच्या वडिलांसारखी केली. रेडिओ बंद, काच खाली, काट्याकडे बघायचंच नाही, गुरगुर ऐकायची. वळणात अर्धा सेकंद आधी पाय. पहिल्या चार-पाच वळणांना फसलं. मग एक उजवं वळण असं जमलं, की मी बायकोकडे बघितलं आणि तिने वहीत काहीतरी लिहिलं. नंतर वाचलं: "हसतोय."

तिसरी: टर्बो नसलेली दीड लिटर पेट्रोल. हिला सात हजारांना टेकवली. खरं सांगायचं तर डिझेलपेक्षा हळू वर पोचलो, चढावर तर हिने अक्षरशः हात जोडले. पण उतरताना, पाय उचलत आणि टेकवत, ब्रेकला फारसं न शिवता, जे काही झालं ते शब्दांत सांगता येत नाही. बायकोची नोंद: "गाडी थांबव, मला चालवायचीय."

म्हणजे चढायला डिझेल आणि उतरायला पेट्रोल, असा विचित्र निकाल माझ्या वहीत लागलाय. अजून पैसे भरलेले नाहीत. रोजचं जाणं-येणं चौतीस किलोमीटर, त्यातलं बरंचसं मोकळ्या रस्त्याने, म्हणजे वळणवाटची अडचण मला नाही.

ठिणगी

वहिनींनी चालवल्यावर काय लिहिलं?

अर्धा_क्लच

वही माझ्याकडे होती. मी लिहिलं: "कमी ओरड, फाटक आलं."

काजळी

:-) दुसऱ्या फेरीतल्या त्या उजव्या वळणासाठी धन्यवाद. वडिलांना फोन करून सांगितलं, इंटरनेटवर एकाने तुमच्यासारखा गिअर टाकला. म्हणाले, क्लच तरी पूर्ण दाबतो का तो?

पुली_पट्टा

पैसे भरायच्या आधी विचारून घ्या: त्या डिझेलला टायमिंगची (झडपा वेळेवर उघडण्याची) चेन आहे की बेल्ट, आणि बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला.

अर्धा_क्लच

बेल्ट. बदलल्याचं म्हणतात, पण बिल सापडत नाहीये म्हणे.

पुली_पट्टा

मग बिल सापडेपर्यंत उतार धरा.